मोठ्यानं वाचलेलं इंजेक्शन

आमच्या दवाखान्यात इंजेक्शन आधी मोठ्यानं वाचायचं आणि मगच टोचायचं, अशी पद्धत होती. काचेची कुपी हातात धरून मी खणखणीत आवाजात औषधाचं नाव वाचायची, मग ते किती ताकदीचं आहे ते, मग एक्सपायरीचा महिना. डॉक्टर "हां" म्हणायचे. पेशंटनं "आयकं", म्हणजे ऐकलं, असं म्हणायचं. एवढं झालं की सुई. अमळनेरहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, तिथं हा चार खाटांचा दवाखाना. नवीन माणूस आला तर त्याला वाटायचं, इथे टोचण्याआधी मंत्रबिंत्र म्हणतात की काय.

मी तिथं बावीस वर्षं सिस्टर होते. आईवडील शेतमजूर. विहाराशेजारच्या आमच्या गल्लीतून पांढरा ड्रेस घालून कामाला निघणारी पहिली मुलगी मी. त्यामुळे असेल, ड्रेसवर डाग आणि कामात चूक या दोन गोष्टी मला सहन होत नाहीत. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे मी स्वतःच सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायचे कष्ट नकोत. चपला घालून ड्रेसिंगच्या खोलीत शिरलेल्या सरपंचालाही मी बाहेर उभं केलेलं आहे. डॉक्टरांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही तेच म्हणायची. माझा आवाज चढला की ते खुर्चीत मागे टेकून बसायचे आणि म्हणायचे, "तुझं ओरडून झालं की सांग. मग मी तपासतो."

वाचायची पद्धत कुठल्या पुस्तकातून आली नव्हती. एका सकाळी आबांनी कुपी खिडकीच्या उजेडात धरली, मान तिरकी केली, परत सरळ केली, आणि म्हणाले, "वाच बरं जरा." मी वाचलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. आठवडाभरानं मी दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं. तेव्हा कळलं, की ते मला न सांगता जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार. त्याला चष्मा नाही, ऑपरेशन नाही. कडेचं दिसतं, मधलं पुसलं जातं.

"म्हणजे कसं?" मी विचारलं.

"म्हणजे तुझ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतात. तोंड दिसत नाही," आबा म्हणाले. "तसं बरंच आहे म्हणा."

मी हसले नाही. ते हसले. मग म्हणाले, "हाताला सगळं ठाऊक आहे, कानाला सगळं ठाऊक आहे. पेशंट मी सांभाळतो. अक्षरं तेवढी तू सांभाळ."

मी हो म्हटलं. बायको गेल्यापासून आबा एकटेच होते. सकाळी नऊ वाजता त्या खुर्चीत बसायचं, एवढ्यासाठी ते दाढी करत असत. ही खुर्ची गेली तर या माणसानं उठायचं तरी कशाला, असं मला वाटलं. आणि गावाचं काय? सरकारी रुग्णालय एसटीनं पाऊण तासावर, तीही एसटी आली तर. शिवाय मनातलं सगळंच सांगायचं तर, मला आबांची माया होती. वडील गेले तेव्हा दवाखाना बंद ठेवून दिवसभर आमच्या ओट्यावर बसलेला माणूस तो. तेव्हा झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

कुजबुजत वाचलं असतं तर लोकांना संशय आला असता. म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागले, जणू काही वरून नियमच आलाय. आणि लोकांना ते आवडलं! इतकं आवडलं की विचारू नका. आमच्याकडची माणसं कुठल्याही गोष्टीची रीत करून टाकतात. महिन्या-दोन महिन्यांत "आयकं" म्हणायची पद्धत त्यांनीच पाडली. गोळीची पट्टी दिली तरी म्हाताऱ्या हात मागे घ्यायच्या. "बाई, वाच ना व. आयकाबिगर गुण येस नही." कापूस वेचायला गेलेल्या बायका बांधावर बसून औषधांची नावं घ्यायच्या. "माले डायक्लो लागू पडस, ते दुसरं नको माय." मी कधी घाईत पुटपुटले तर बाकावरून कुणीतरी ओरडायचं, काय वाचलं ते आम्हालाही कळू दे. मी चिडायची, परत वाचायची. मनातून बरंही वाटायचं. वाटायचं, बघा, एवढंसं गुपित होतं आणि त्याचा कसा चांगला उपयोग झाला.

अशी बरीच वर्षं गेली. मग यावलला माझ्या भाचीचं लग्न निघालं. दोन दिवसांची रजा घेतली. जायच्या आदल्या संध्याकाळी मी सगळ्या औषधांच्या तारखा तपासल्या. हृदय बंद पडायला आलं तर द्यायची इंजेक्शनं आम्ही वेगळ्या ट्रेमध्ये, कपाटात ठेवायचो. तो ट्रे मी तपासायला बाहेर काढला आणि रोजच्या ट्रेशेजारी टेबलावरच विसरले. ही माझी चूक. बावीस वर्षांत दुसऱ्यांच्या कितीतरी चुका मी चव्हाट्यावर आणल्या, म्हणून ही स्वतःची इथे लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी मळ्याकडची एक अक्का कंबर धरून आली. साठीची, रक्तदाबाची. आबांनी तिला दुखण्याचं इंजेक्शन, डायक्लो, द्यायचं ठरवलं. दुखण्याची काय आणि हृदयाची काय, दोन्ही कुप्या तपकिरी काचेच्या, दोन्ही बोटाएवढ्या. हाताला सगळं ठाऊक होतं, पण टेबलावर त्या दिवशी एकाऐवजी दोन ट्रे होते. त्यांनी कुपी फोडली, औषध सिरिंजमध्ये ओढलं.

"आबा, वाचं नही तुम्ही," अक्का म्हणाली.

"आज सिस्टर नही शे, अक्का."

"मंग मी वाचस. आण इकडे."

ती सातवी शिकलेली होती. कुपीवर हिंदीतही नाव असतं. तिनं एक-एक अक्षर जुळवत वाचलं, आणि म्हणाली, "हाई डायक्लो नही शे, आबा. हाई काही दुसरंच शे."

ते बंद पडणारं हृदय चालू करायचं इंजेक्शन होतं. चांगल्या चालणाऱ्या, त्यातून रक्तदाबाच्या बाईला ते तसं टोचलं असतं तर काय झालं असतं, हे मी लिहीत नाही. मी परत आले तेव्हा आबांनी दार लावून घेतलं आणि जसं घडलं तसं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मी म्हटलं, आबा, ट्रे मी विसरले. ते म्हणाले, ट्रे तू विसरलीस, पण टोचायला निघालो होतो मी.

त्या दिवशीच आम्ही थांबायला हवं होतं. थांबलो नाही. मी फक्त रजा घेणं बंद केलं. यावलच्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हाही गेले नाही. पेशंट फार आहेत म्हणून फोनवर सांगितलं. "बरं" म्हणून तिनं फोन ठेवला, आणि ते मला जास्त लागलं.

तीन-चार महिन्यांनी दवाखान्याची नोंदणी नव्यानं करायची वेळ आली. चार खाटा असल्या तरी नोंदणी लागते आणि त्याआधी तपासणी होते. तालुक्याहून यादी आली. अग्निशामक नळकांडं, कचऱ्याच्या लाल-पिवळ्या पिशव्या, सुया कापायचं यंत्र, दरपत्रक, रुग्णांच्या हक्कांचा फलक, असं एकेक. मला असल्या यादीचा राग येत नाही. राग येतो तो लोकांचा, यादी आल्यावरच झाडू शोधणाऱ्यांचा. आमच्याकडे सगळं होतंच. तरी चार दिवस मी भिंती पुसल्या. खाटांच्या पायांना रंग दिला. आबांना नवा पांढरा कोट घालायला लावला. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे खूण झाली. डॉक्टरांना दिसतं का, असं त्या यादीत कुठेच विचारलेलं नव्हतं. मी दोनदा शोधलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

तपासणीला आलेल्या मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या निघाल्या. बरोबर एक कारकून, फाइल सांभाळायला. मॅडमचा आवाज मऊ होता, पण नजर कुठे अडखळत नव्हती. खाटांखाली वाकून बघितलं. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा नळ स्वतः फिरवून बघितला. मग लसींचा फ्रिज उघडला आणि आतून भरताची दोन हिरवी वांगी बाहेर काढली.

सकाळी मी स्वतः तो फ्रिज पुसला होता!

"ती माझी," आबा खुर्चीतून म्हणाले. "सकाळी एका पेशंटनं दिली. ऊन फार होतं म्हणून ठेवली."

मॅडमनी वांगी टेबलावर ठेवली आणि कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं. कारकून हसू दाबत होता. मी आबांकडे असं बघितलं, की त्यांना मधलं दिसत असतं तर ते गाव सोडून गेले असते.

तेवढ्यात एक पेशंट इंजेक्शनला आत आला. मॅडम म्हणाल्या, "तुमचं काम चालू द्या, मी बघते." मी कुपी घेतली. नाव वाचलं, ताकद वाचली, महिना वाचला. आबा "हां" म्हणाले. पेशंट "आयकं" म्हणाला. सुई झाली, सुई कापली, कापूस पिवळ्या पिशवीत गेला. मॅडम हातातलं पेन तसंच धरून उभ्या होत्या.

"हे तुम्ही रोज करता?"

"प्रत्येक वेळी," मी म्हटलं.

"कुणी शिकवलं?"

मी म्हणाले, "आबांची पद्धत आहे, मॅडम. चूक होऊ नये म्हणून."

मॅडमचा चेहरा उजळला. मोठमोठ्या ठिकाणी सांगून सांगून थकलो तरी लोक हे करत नाहीत, त्या म्हणाल्या. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, आणि तुमच्याकडे तर पेशंटसुद्धा ऐकतो. "मी हे अहवालात लिहिणार. तुम्ही दोघांनी तालुक्याला येऊन सगळ्या डॉक्टरांना दाखवायला हवं." कारकुनानं वांग्यांची ओळ लिहिली होती, तिच्याखाली त्यांनी स्वतःच्या हातानं चांगला शेरा लिहायला घेतला.

मला आनंद व्हायला हवा होता. नोंदणी झाल्यातच जमा होती. अजून तीन वर्षं आबा सकाळी दाढी करून खुर्चीत बसणार होते.

लिहिता लिहिता मॅडमनी सहज विचारलं, "आणि सिस्टर रजेवर असल्या, की कोण वाचतं?"

एवढाच प्रश्न. त्यांनी मान वरसुद्धा केली नव्हती. मी सांगू शकले असते, की डॉक्टर स्वतः वाचतात. तीन शब्दांचं काम होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती अक्का आली, कंबर धरलेली. तिनं त्या दिवशी चष्मा घरी विसरला असता तर? ती सातवीऐवजी दुसरीतच शाळेतून काढलेली असती तर, माझ्या आईसारखी? आणि उद्या मलाच ताप आला, मी पडले, मी मेले, तर? माझ्या दोन डोळ्यांवर मी सगळं गाव टांगून ठेवलं होतं आणि त्याला माया म्हणत होते.

"कोणी नाही, मॅडम," मी म्हणाले. "मी नसले की वाचायला कोणी नसतं. आबांना अक्षर दिसत नाही. बरीच वर्षं झाली."

पेन थांबलं. कारकुनानं फाइल छातीशी धरली. मॅडमनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. भिंतीवरचं दरपत्रक वाचून दाखवायला सांगावं की काय, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. त्या म्हाताऱ्या माणसाला तसं करायला लावायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

आबांनीच त्यांना सोडवलं. "तपासायची गरज नाही," ते म्हणाले. "ती खरं बोलतेय. आणि अजून एक लिहून घ्या. माझ्या हातून एकदा चूक होता होता राहिली." मग त्यांनी अक्काची गोष्ट सांगितली. ट्रे कोण विसरलं ते सांगितलं नाही. ते मी सांगितलं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उलटून बोलता आलं असतं. त्यांनी चांगला शेरा खोडला नाही, त्याच्याखाली पुढचं लिहिलं. दुसरा डॉक्टर पूर्णवेळ मिळेपर्यंत खाटा बंद. इंजेक्शन, सलाइन, टाके आबांनी करायचे नाहीत. लिहिलेलं त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. निघताना त्या आबांच्या पाया पडल्या आणि डोळे पुसत गाडीत बसल्या.

आबा उठले. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. भिंतीला बोटं लावत बाहेर गेले आणि बाकापुढे उभे राहिले. दहा-बारा माणसं बसलेली होती.

"आजपाईन मी सुई टोचाव नही," ते म्हणाले. "माले अक्षर दिसस नही. लई वरीस व्हई गयात. तुम्हले सांगाले जोयजे व्हतं, सांगं नही."

मागून एक माणूस उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आन हाई आते सांगतस, आबा? मन्ही बायकोले परवाच टोचं तुम्ही." त्यानं बायकोचा दंड धरला आणि तिला घेऊन निघून गेला. माझ्या जिभेवर शब्द आले होते, पण मी ते गिळले. त्याचं काय चुकलं होतं?

मळ्याकडची अक्काही बाकावर होती. ती जागची हलली नाही. "माले त्या दिनपाईन ठाऊक शे," ती म्हणाली. "कोणले सांगं नही. पण मन्ही सुनले सांगेल व्हतं, बाईनी वाचं नही ते हात देऊ नको." मग शेजारणीला म्हणाली, "सरक जराशी, आबाले बसू दे."

आबा तिच्याशेजारी बाकावर बसले. पेशंट बसतात तिथं. बावीस वर्षांत मी त्यांना त्या बाकावर बसलेलं बघितलं नव्हतं. ते बघून मी आत गेले आणि कापसाच्या बोळ्यांचा डबा उगाचच रिकामा करून परत भरला.

दुपारी सगळे गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. मी दारातच उभी राहिले. मनात उत्तरं तयार होती. मी तुमच्या भल्यासाठीच केलं, हे एक. तुम्हीही कबूल केलंतच की, हे दुसरं. आणि आबा ओरडले असते तर मीही ओरडणार होते.

"बस," ते म्हणाले. मी बसले. त्यांनी तोंड थोडं बाजूला वळवलं. तसं केलं की मी त्यांना बरी दिसायची.

"एक विचारू? वाचताना तुला भीती वाटायची का?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. माझा आवाज खणखणीत, त्यात भीती कुठून ऐकू येणार?

"रोज," मी म्हणाले. आणि मग मला थांबता येईना. घरी जेवताना घास हातात राहतो, आबा. वाटतं, सकाळचं ते मी नीट वाचलं ना? संध्याकाळी एखाद्याच्या घरासमोर चार माणसं दिसली की मी थांबून कानोसा घेते. आज आपण कुणाकुणाला टोचलं ते मी चालता चालता मोजते. तुमचे डोळे गेले ते तुम्ही एकदाच सोसलंत, मी रोज सकाळी नव्यानं घाबरते. असं काय काय मी बोलत गेले. रडतही होते, आणि रडताना मला माझाच राग येत होता.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकणं त्यांना फार चांगलं यायचं, त्यासाठीच लोक लांबून यायचे. मग पेशंटशी बोलतात तसे गावच्या बोलीत बोलले, ज्या बोलीत माझ्याशी महत्त्वाचं असं कधी काही बोलले नव्हते.

"माले बी भीती वाटे, बाई," ते म्हणाले. "रोज वाटे. तुले वाटत नही असं समजीसन मी खुर्चीत बसी राहू."